एंजिन-बदल, मोटारगाडीतील

गाडीचे मूळ एंजिन काढून दुसरे बसविण्याची क्रिया. पेट्रोल एंजिनाची शक्ती घटल्यास प्रत्येक सिलिंडरातील संपीडन दाब मोजतात. तो कमी भरल्यास चमचाभर वंगण तेल घालून पुन्हा मोजतात. वाढल्यास दट्ट्याच्या कड्या वा सिलिंडर झिजलेले असतात, न वाढल्यास दोष बहुधा झडपांत वा गॅस्केटात असतो. केवळ त्यासाठी एंजिन बदलणे व्यर्थ होय. आकुर्डीच्या बजाज टेम्पो (२००५ पासून फोर्स मोटर्स) कंपनीच्या मॅटॅडोरचे डीझेल एंजिन जुन्या जीप व अँबॅसडर गाड्यांत बसविले जाई. ते जड असल्याने आधार व पुढील स्प्रिंगा बळकट कराव्या लागत. फेरेही कमी, त्यामुळे मूळ दंतचक्रपेटी व मागील आसाचे गुणोत्तर तसेच ठेवल्यास वेग घटे. अशा बदलास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते.