जुन्या स्नेअर ड्रमची पारख

वरातीच्या बँडमध्ये पट्ट्याने गळ्यात अडकवून दोन काठ्यांनी वाजविला जाणारा साईड ड्रम बहुतेकांच्या परिचयाचा आहे. त्याच्या खालच्या कातड्याला लागून धातूच्या बारीक तारांचा एक पट्टा ताणलेला असतो, आणि वरच्या कातड्यावर आघात झाला की त्या तारा खालच्या कातड्यावर थरथरतात. ताशाच्या कडकडाटाशी नाते सांगणारा जो करकरीत आवाज येतो, तो या तारांचा. याच वाद्याचे नाट्यगृहात आणि जाझ-वृंदात विसावलेले रूप म्हणजे स्नेअर ड्रम. मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्ये आजही बनतात. परंतु ज्या जुन्या ड्रमसाठी संग्राहक मोठी रक्कम मोजावयास तयार असतात, त्यांचे माहेर बहुतांशी अमेरिकेतील शिकागो शहर होय.

विल्यम लुडविग आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी १९०९ साली तेथे आपला धंदा सुरू केला. स्लिंगरलँड ही त्यांची प्रतिस्पर्धी कंपनीही त्याच शहरातली. या दोन घराण्यांचे ड्रम एखाद्या वृद्ध वादकाच्या पश्चात माळ्यावरून खाली येतात, आणि वारसांपुढे प्रश्न उभा राहतो की ही अडगळ की ठेव? उत्तर चुकले तर नुकसान दोन्हीकडून होते. दुर्मिळ वस्तू भंगाराच्या भावात जाते. किंवा चार ड्रमांचे अवयव जोडून उभा केलेला सांगाडा अस्सल म्हणून कोणाच्या तरी गळ्यात पडतो.

नवखा माणूस प्रथम बिल्ला पाहतो. खोडावर बसविलेली ही धातूची लहानशी पट्टी मोलाची खरी, परंतु साक्षीदार म्हणून ती फारशी भरवशाची नव्हे. लुडविगने सुमारे १९६३ च्या अखेरीस बिल्ल्यावर अनुक्रमांक छापण्यास प्रारंभ केला. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्सचा वादक रिंगो स्टार अमेरिकन दूरचित्रवाणीवर लुडविगच्या ड्रमांमागे बसलेला कोट्यवधी लोकांनी पाहिला, आणि मागणीचा असा लोंढा आला की कारखान्याला उसंत उरली नाही. कारागिराच्या हाताला जो बिल्ला लागेल तो बसे. क्रम पाळण्याचे कोणाच्या मनातही नव्हते. म्हणून अनुक्रमांकावरून काळाचा अंदाज बांधता येतो, नेमके साल नव्हे. लाकडी खोडाच्या आतल्या बाजूस शाईने उमटविलेला तारखेचा शिक्का आढळला, तर तो अधिक विश्वासार्ह. शिवाय जुन्या धाटणीचे नवे बिल्ले विकत मिळतात, हेही विसरता कामा नये. बिल्ल्याच्या मधली बारीक नळी सैल असेल किंवा तिच्याभोवती ताजे ओरखडे असतील, तर संशय घ्यावा.

खरी कथा खोड सांगते. लुडविगचा सुप्राफोनिक ४०० हा १४ इंच व्यासाचा आणि ५ इंच उंचीचा, क्रोमचा मुलामा दिलेला ड्रम येथे उदाहरणादाखल घेण्यासारखा आहे. या घडणीची खोडे प्रथम पितळेची होती. १९६३ च्या सुमारास कारखान्याने ॲल्युमिनियमचा अवलंब केला आणि त्या धातूला लुडअलॉय असे भारदस्त नाव दिले. दुरून दोन्ही ड्रम जुळ्या भावंडांसारखे दिसतात. पितळी खोडे मात्र संख्येने थोडी, म्हणून त्यांना भाव अधिक. येथे चुंबकाचा उपयोग नाही, कारण पितळ आणि ॲल्युमिनियम दोन्ही चुंबकाला दाद देत नाहीत. चुंबक चिकटलाच तर खोड पोलादाचे आहे एवढेच कळेल. उचलून पाहिल्यावर पितळ जड लागते. तरीही शंका राहिली तर एखादा स्क्रू काढून छिद्राच्या कडेला उजेड पाडावा, मुलामा झिजला असेल तेथे पिवळा धातू डोकावतो. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही. त्यावर काळाच्या ओघात बारीक फोड येतात, पांढरट चट्टे पडतात, मुलाम्याचे पापुद्रे सुटतात. नवख्याला हा दोष वाटतो; जाणकाराला मात्र तो वयाचा दाखला असतो, आणि आवाजात त्याने विशेष फरक पडत नाही. अशा खोडाला नव्याने मुलामा देऊन चकाकी आणणे म्हणजे जुन्या ताम्रपटाला कल्हई करण्यासारखे आहे.

स्लिंगरलँडच्या रेडिओ किंग या ड्रमची परीक्षा निराळी. जीन क्रुपाने १९३० च्या दशकात तो गाजविला. त्याचे खोड मेपलची एकच जाड फळी वाफेने वाकवून केलेले, आणि आतून दोन्ही कडांना बळकटीसाठी लाकडी कडी बसविलेली असत. तारांचा पट्टा खोडाच्या दोन्ही बाजूंना किंचित बाहेर येईल अशी त्याची रचना होती. पुढे हेच नाव पातळ थर चिकटवून केलेल्या खोडांनाही मिळाले. तेव्हा नावावर न भुलता लाकडाची कड पाहावी. तिच्यात थरांच्या रेषा दिसल्या तर ते खोड एकसंध फळीचे नव्हे. एकसंध लाकूडही निर्दोष असतेच असे नाही. ते कालांतराने वाकते आणि जोडाशी उकलते. सपाट काचेवर उपडे ठेवून आत दिवा लावला की कड कोठे उचलली आहे ते फटीतून येणारा उजेडच दाखवतो.

१९२० च्या दशकातील लुडविगचे कोरीव पितळी ड्रम, जे पुढे ब्लॅक ब्यूटी या नावाने प्रसिद्ध झाले, त्यांत फसवणूक सर्वाधिक. काळ्या निकेलच्या मुलाम्यावर नक्षी कोरून खालचा उजळ धातू उघडा करावयाचा, अशी मूळ पद्धत होती. साध्या पितळी खोडावर मागाहून नक्षी कोरून आणि काळा रंग चढवून तोतये उभे करण्यात आले. जुने खोड दोन भाग मधल्या उंचवट्याशी जोडून केलेले असे. आतून तो सांधा दिसला पाहिजे.

मग येतात छिद्रे. कारखान्याने पाडलेल्या प्रत्येक छिद्राला काही तरी प्रयोजन असते. ज्या छिद्रात आज काहीच बसविलेले नाही, ते हरवलेल्या किंवा बदललेल्या अवयवाची खूण होय. तारा ताणणारी कळ, जिला वादक स्ट्रेनर म्हणतात, वापराने लवकर झिजते. ती बदलताना खोडात नवे छिद्र पाडले गेले असेल तर किंमत चांगलीच घसरते. उलट, मूळ छिद्रांतच बसविलेली परकी कळ काढून योग्य ती मिळविता येते. ताणाचे स्क्रू ज्यांत फिरतात ते धातूचे ठोकळे सोडवून पाहिले, तर मोत्यासारख्या झळकत्या आवरणाचा मूळ रंग त्यांच्याखाली सुरक्षित सापडतो. बाहेरचा रंग उन्हाने उडालेला आणि ठोकळ्याखालचाही तितकाच फिका, असे दिसले तर ते ठोकळे तेथे मागाहून आले आहेत.

वयामुळे मोल वाढतेच, असा एक गोड गैरसमज आहे. १९६४ नंतरचे सुप्राफोनिक विपुल आहेत आणि तरीही त्यांना सतत मागणी असते, कारण ध्वनिमुद्रणाच्या दालनात ते आजही वाजतात. त्याहून कितीतरी जुने, शाळेच्या बँडसाठी केलेले साधे ड्रम मात्र कोणी विचारीत नाही. दुर्मिळता, आवाज, मूळ अवयवांची पूर्णता आणि रंग या चौघांच्या पंचायतीत वयाला एकच मत.

एक प्रसंग मात्र जुन्या लाकडी ड्रमांवर वारंवार ओढवतो. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वासराच्या कातड्याची जागा मायलर या कृत्रिम पडद्याने घेतली. कातडे ओले करून कड्यावर बसवीत, त्यामुळे खोडाचा व्यास थोडा अधिक असला तरी निभावे. कारखान्यातून तयार येणारा पडदा मात्र काही जुन्या खोडांवर चढतच नाही. मग कोणी तरी कानस घेऊन कड घासतो. पडदा बसतो, ड्रम वाजू लागतो. आणि संग्राहक कडेवरून बोट फिरवून तो ड्रम हळूच खाली ठेवतो. ज्यांच्या हाती असा ड्रम येईल त्यांनी कानस दूर ठेवून कातडे मढविणारा शोधावा, आणि काढलेला प्रत्येक स्क्रू, गंजलेला असला तरी, एका पिशवीत घालून ड्रमबरोबरच ठेवावा.