लिनक्समध्ये सामान्य वापरकर्त्यास इंटरनेट न मिळणे

लिनक्स संचालन प्रणालीच्या संगणकावर रूट वापरकर्त्यास इंटरनेट मिळते, परंतु त्याच संगणकावरील सामान्य वापरकर्त्यास ते मिळत नाही, असा दोष काही वेळा आढळतो. रूट हा लिनक्समधील सर्वाधिकारी वापरकर्ता असून त्याचा वापरकर्ता क्रमांक ० असतो. रूटला जोडणी मिळत असल्यास केबल, वाय-फाय, राउटर व सेवापुरवठादार सुस्थितीत आहेत असे मानता येते. त्यामुळे दोष परवानग्यांमध्ये किंवा त्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या मांडणीत शोधावा लागतो.

पार्श्वभूमी

संकेतस्थळ उघडण्यासाठी लागणारी बहिर्गामी जोडणी करण्यास लिनक्समध्ये रूटचे अधिकार लागत नाहीत. छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा नांदेड येथील महाविद्यालयांच्या सामाईक प्रयोगशाळांसारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांना सामान्य खाते देऊन रूटचा पासवर्ड व्यवस्थापकाकडे ठेवणे इष्ट मानले जाते. व्यवस्थापकाने केवळ रूटच्या खात्यातून तपासणी केल्यास त्याला सर्व सुरळीत दिसते आणि विद्यार्थ्याची खरी तक्रार निराधार ठरते. म्हणून तपासणी नेहमी तक्रारदाराच्या प्रकारच्या खात्यातून करावी लागते.

कारणे

नाम-निराकरण: संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधण्यासाठी बहुतेक प्रोग्राम 'इटीसी' निर्देशिकेतील 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' ही फाइल वाचतात. ही फाइल केवळ रूटला वाचता येत असेल, तर इतरांना सहसा संकेतस्थळांची नावे सापडत नाहीत. रूटचा यूमास्क ०७७ असताना फाइल नव्याने तयार झाल्यास असे घडते. फाइल ज्या निर्देशिकेत आहे तिची परवानगी बिघडल्यासही परिणाम तोच होतो.

प्रॉक्सी: संस्थेच्या जाळ्यात प्रॉक्सी सर्व्हर असल्यास त्याचा पत्ता पर्यावरण चलांमध्ये नोंदवतात. ही नोंद केवळ रूटच्या खात्यात असल्यास इतरांची जोडणी अडते.

फायरवॉल: आयपीटेबल्समध्ये वापरकर्ता क्रमांकानुसार बहिर्गामी जोडणी रोखणारा नियम लिहिता येतो.

अँड्रॉइड: अँड्रॉइडच्या अनेक कर्नेलमध्ये जाळ्याचा वापर ३००३ या गट क्रमांकाच्या सदस्यांपुरता मर्यादित असतो. अशा फोनवर चालवलेल्या लिनक्स वितरणातील सामान्य वापरकर्ता त्या गटात नसल्यास त्याला इंटरनेट मिळत नाही.

निदान

प्रथम सामान्य खात्यातून एखाद्या सर्व्हरशी थेट आयपी पत्त्याने जोडणी करून पाहतात. पत्त्याने जोडणी होते, पण नावाने होत नाही, असे दिसल्यास दोष नाम-निराकरणात असतो. दोन्ही होत नसल्यास फायरवॉल, प्रॉक्सी किंवा गट सदस्यत्व तपासतात. नवे खाते तयार करून तेथे इंटरनेट मिळाल्यास दोष जुन्या खात्याच्या मांडणीत असतो.

केवळ 'पिंग' आज्ञेवरून निष्कर्ष काढणे योग्य नाही. पिंगला आयसीएमपी संदेश पाठवण्यासाठी विशेष परवानगी लागू शकते. २०११ च्या लिनक्स ३.० कर्नेलपासून ठरावीक गटांना ती रूटविना देण्याची सोय आहे. परवानगी नसल्यास पिंग अयशस्वी होते, तरी ब्राउझर मात्र चालू शकतो.

उपाय आणि सुरक्षितता

नाम-निराकरणाच्या फाइलची परवानगी ६४४ ठेवतात, म्हणजे मालकास वाचन व लेखन आणि इतरांस केवळ वाचन. एखादा प्रोग्राम ही फाइल प्रत्येक जोडणीच्या वेळी पुन्हा तयार करत असल्यास त्या प्रोग्रामची मांडणी बदलावी लागते. अन्यथा दोष परत उद्भवतो. प्रॉक्सीची नोंद सर्व वापरकर्त्यांना लागू होणाऱ्या फाइलमध्ये करतात, तर अँड्रॉइडवर वापरकर्त्यास संबंधित गटात समाविष्ट करतात. हे बदल करण्यास रूटचे अधिकार लागत असल्याने सामान्य वापरकर्त्याने निदानातील निरीक्षणे व्यवस्थापकास कळवणे उपयुक्त ठरते.

सर्वांना रूटचा पासवर्ड देणे, ब्राउझर रूट म्हणून चालवणे किंवा फाइलला ७७७ परवानगी देणे हे उपाय घातक आहेत. रूट म्हणून चालणाऱ्या ब्राउझरमध्ये हानिकारक प्रोग्राम शिरल्यास सामाईक संगणकावरील प्रत्येक विद्यार्थ्याच्या फाइली धोक्यात येतात. नाम-निराकरणाची फाइल सर्वांना लिहिता आल्यास कोणीही इतरांना बनावट संकेतस्थळाकडे वळवू शकतो. वापरकर्त्यास कामापुरतीच परवानगी द्यावी, हे संगणक सुरक्षेचे तत्त्व येथेही लागू पडते.