कुंडीतला निशिगंध

सोलापूरच्या ४० अंशांवरच्या उन्हाळ्यात ट्यूलिपच्या नादी लागू नका. त्याला थंडी लागते. मूळचा मेक्सिकोचा निशिगंध मात्र इथे आपलाच वाटतो. लागवड एप्रिल-मे महिन्यांत करावी. कंद सुपारीएवढा, टणक, निदान महिनाभर सावलीत विसावलेला हवा. टोक वर ठेवून तो ५-६ सेंटीमीटर खोल लावायचा.

खरी अडचण आपल्या काळ्या मातीची. ती पाणी धरून ठेवते, भेगाळते आणि कंद कुजतो. निम्मी काळी माती, उरलेल्यात वाळू नि कुजलेलं शेणखत, असं मिश्रण चालतं. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानेच द्या. तीनेक महिन्यांत दांडा येतो. फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. पुढची फुलं त्याच्या पिल्लांना येतात, म्हणून जुना गड्डा फेकू नये.

हार-गजऱ्यांसाठी एकेरी (‘फुले रजनी’, ‘शृंगार’), फुलदाणीसाठी दुहेरी (‘सुवासिनी’). वासाला एकेरीच सरस, असं आमचं मत.

कंद नकोत? मग झेंडू. बी जुलैत पेरा, आठवड्यात उगवतं आणि दसऱ्याचं तोरण घरचं होतं. फक्त विकतच्या संकरित झेंडूचं बी धरू नका, पुढच्या वर्षी तशीच फुलं येतील याचा भरवसा नसतो.