नेव्हिलची हॅटट्रिक, छेत्रीचे ९५ गोल

मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारतीय फुटबॉल संघाचा पहिला सामना हंगेरीशी होता. हंगेरीने माघार घेतली आणि भारत मैदानात न उतरताच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तिथे गाठ होती यजमान ऑस्ट्रेलियाशी. १ डिसेंबर १९५६ रोजी ऑलिम्पिक पार्कवर नवव्या मिनिटाला भारताने खाते उघडले. ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला भारताने पुन्हा आघाडी घेतली, मध्यंतरापूर्वी मॉरोने तीही फेडली. उत्तरार्धाची पाच मिनिटे होतात न होतात तोच भारताचा तिसरा गोल झाला. तिन्ही गोल एकाच खेळाडूचे होते, मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. शेवटी किट्टूने चौथा गोल केला आणि भारत ४-२ असा जिंकला.

ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू, आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई संघ.

उपांत्य फेरीत समोर युगोस्लाव्हिया होता. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत याच संघाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला होता आणि त्या वेळी आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. ४ डिसेंबरला मात्र पूर्वार्धात भारताने त्यांना गोल करू दिला नाही. उलट बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलनेच भारताला आघाडी मिळवून दिली. ती जेमतेम दोन मिनिटे टिकली. सामना १-४ असा गेला आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असे हरवले. पदक हुकले, तरी स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिलचे नाव होते. युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि भारताचा डिसूझा, प्रत्येकी चार गोल.

असा आघाडीपटू क्रिकेटवेड्या मुंबईत घडला कसा? त्याचे उत्तर त्या काळच्या मुंबईच्या सामन्यांच्या वेळापत्रकात सापडते. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबचा खेळाडू. तेव्हा टाटा, कॅलटेक्स, रेल्वे अशा कंपन्यांचे आणि खात्यांचे स्वतःचे संघ असत. खेळाडूला नोकरी मिळे आणि हंगामभर हारवूड लीगचे सामने मिळत. कूपरेजवर रोव्हर्स चषकासाठी देशभरातले मातब्बर संघ येत. १८९१ साली सुरू झालेला हा चषक हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच मेलबर्नला भारताचेही प्रशिक्षक होते. मुंबईत कोण कसे खेळतो, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

कूपरेजवर नेव्हिलला सामन्यांची वाण नव्हती. भारतीय संघाचे मात्र तसे नव्हते. ऑलिम्पिक, आशियाई स्पर्धा, शेजारी देशांशी होणारी एखादी स्पर्धा, एवढाच काय तो आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा पसारा. दोन सामन्यांत चार गोल करणाऱ्या माणसाला देशासाठी मोठी संख्या उभी करायला वावच नव्हता. त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला नाही. १९८० साली, वयाची पन्नाशीही न गाठता तो गेला.

सुनील छेत्रीचे आकडे नेव्हिलच्या शेजारी ठेवून पाहावेत. १२ जून २००५ रोजी क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध त्याने भारतासाठी पहिला गोल केला. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना खेळला तेव्हा १५१ सामन्यांत ९४ गोल जमा होते. म्हणजे एकोणीस वर्षे, दर तीन सामन्यांमागे जवळजवळ दोन गोल. पुढे निवृत्ती मागे घेऊन मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने ९५वा गोल केला. देशासाठी केलेल्या गोलांच्या जागतिक यादीत रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचा अली दाई यांच्यामागोमाग त्याचे नाव लागते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: हे गोल नेपाळ-मालदीवसारख्यांविरुद्धचे आहेत. बरेचसे आहेतच. पण २००८ च्या एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली म्हणून भारताला १९८४ नंतर प्रथमच आशिया चषकाचे दार उघडले. २०११ च्या त्या चषकात बहारीन आणि दक्षिण कोरिया या दोघांवरही त्याने गोल केले. २०१९ मध्ये अबू धाबीत थायलंडला ४-१ असे हरवताना दोन गोल त्याचे होते. शिवाय दुबळ्या संघाविरुद्धही गोल कोणीतरी करावाच लागतो, आणि वीस वर्षे भारतासाठी ते काम मुख्यतः एकाच माणसाने केले.

त्याच्या कारकिर्दीतले दहा दिवस मुंबईचे आहेत. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर एका स्पर्धेत भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले. छेत्रीची हॅटट्रिक पाहायला प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी त्याने एका चित्रफितीतून लोकांना हात जोडले. टीका करा, वाटल्यास शिव्या घाला, पण मैदानात येऊन आमचा खेळ पाहा, असे त्याचे म्हणणे होते. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. तिकिटे संपली, धो धो पावसात लोक उभे राहिले आणि त्याने दोन गोल केले. त्या स्पर्धेच्या १० जूनच्या अंतिम सामन्यातले दोन्ही गोलही त्याचेच. त्या दिवशी त्याची संख्या ६४ झाली, तेव्हाच्या मेस्सीइतकी.

नेव्हिलचे ऑलिम्पिकमधले चार आणि छेत्रीचे पंच्याण्णव यांत कौशल्याचे अंतर शोधणे व्यर्थ आहे. फरक सामन्यांचा आहे. आणि हा हिशेब वर्ध्यातल्या शाळकरी खेळाडूलाही लागू पडतो. शालेय स्पर्धेत त्याचा मार्ग तालुका, जिल्हा, मग नागपूर विभाग आणि राज्य असा जातो. बाद पद्धतीत पहिला सामना हरला की त्या स्पर्धेपुरते वर्ष संपले. मुलगा कितीही चपळ असो, वर्षाला दोन-तीन सामन्यांवर कोणी गोल करायला शिकत नाही.

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. वर्धा, देवळी, सेलू, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा यांचा एकेक संघ धरला आणि साखळी सामने ठेवले, तर प्रत्येक संघाला सात सामने मिळतात. एकदा आपल्या आणि एकदा दुसऱ्याच्या मैदानावर खेळले तर चौदा. त्यासाठी मोठे स्टेडियम लागत नाही. शाळांची मैदाने, दोन गोलखांब, एक पंच, प्रवासाला एसटीचे तिकीट आणि हंगामाच्या सुरुवातीला जाहीर झालेले वेळापत्रक एवढ्यावर ते भागते.