कॅमेऱ्यामागचा डोळा

सांगली म्हटली की 1843 सालचे 'सीतास्वयंवर' आठवते. विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभे केले. पण नाटक पाहणाऱ्याची जागा ठरलेली असते. पुढे बसा की मागे उभे राहा, तेथूनच सारा खेळ पाहावयाचा. सिनेमाचे तसे नाही. तुम्ही बसता एका जागी आणि तुमचा डोळा मात्र दुसराच कोणी फिरवीत असतो. तो म्हणजे छायालेखक, आपला कॅमेरामन. हा माणूस दिग्दर्शक झाला तर काय होते? ते पाहावयास सातारा-सांगलीकरांना लांब जावयास नको. शेजारचे कोल्हापूर पुरे.

तेथे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल आणि केशवराव धायबर मूकपटाचे काम शिकले. यंत्राशी त्यांची दोस्ती तेथलीच. 1929 साली शांताराम व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह या तिघांनी 'प्रभात' काढली. पुढे 1933 साली ती पुण्यास गेली.

धायबर 'प्रभात'चे छायालेखक. 1934 च्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूचा एकच डोळा साऱ्या पडद्यावर पसरतो. पाहणारा दचकतोच! ती योजना दिग्दर्शक शांतारामांची, पण डोळा पकडला धायबरांच्या कॅमेऱ्याने. 1936 साली धायबर स्वतः 'राजपूत रमणी'चे दिग्दर्शक झाले. तो चित्रपट आज फारसा कोणाच्या तोंडी नाही.

त्याच साली, त्याच कंपनीत, दामले-फत्तेलालांनी 'संत तुकाराम' केला. छायालेखन व्ही. अवधूत यांच्याकडे होते. दोघांना कॅमेऱ्याचे सारे खेळ ठाऊक. पण येथे कॅमेरा स्वतःचा तोरा मिरवीत नाही. विष्णुपंत पागनिसांचा तुकोबा गातो आणि कॅमेरा गुमान ऐकतो. मूल आजारी पडते, तेव्हा गौरीबाईंची जिजाई हातात पायताण घेऊन थेट विठोबाला जाब विचारावयास देवळात शिरते. या बाईला हसावे की तिच्यासाठी रडावे, हे आपले आपण ठरवावयाचे.

चमत्कार चित्रपटात आहेतच. शेवटी तुकोबा वैकुंठास निघतात. आकाशात विमान दाखविणे हे यंत्राचे काम, आणि ते या मंडळींना येत होते. पण मागे राहिली ती संसाराची धनीण, हे विसरावयाचे नाही, हे यंत्र सांगत नाही. ते दिग्दर्शकाला उमगावे लागते.

1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. तुकोबांची भाषा तेथे किती जणांना कळत असणार? जिजाईचा राग मात्र कोणालाही कळावा असाच आहे.

उजेड कोठून पडतो, हे छायालेखकाने पाहावे. तो कोणासाठी पाडला, हे दिग्दर्शकाने. दामले-फत्तेलालांना दोन्ही साधले. 'संत तुकाराम' पाहण्याचा योग आला, तर विमान निघताना थोडा वेळ आकाश सोडा आणि खाली जिजाईकडे पाहा.