मेदाम्लवाहक प्रथिने आणि दुधातील स्निग्धांश

अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील दूध संकलन केंद्रांवर दुधाचा दर ठरविताना 'फॅट' पाहिली जाते. हा स्निग्धांश कासेतील पेशींत घडत असताना मेदाम्लवाहक प्रथिनांचे कार्य मोलाचे ठरते. लांब साखळीची मेदाम्ले पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. मोकळी साचल्यास ती पेशीपटलास अपायही करतात. म्हणून पेशीद्रवात त्यांना वाहक लागतो. १९७२ मध्ये रॉबर्ट ऑक्नर व सहकाऱ्यांनी असे प्रथिन प्रथम वर्णिले. सुमारे १४ ते १५ किलोडाल्टन वस्तुमानाच्या या प्रथिनात दहा पट्ट्यांची पिंपासारखी पोकळी असून तिच्या तोंडाशी दोन सर्पिलांचे झाकण असते. बहुतेक प्रकारांत मेदाम्लाचा एकच रेणू मावतो. यकृतातील प्रकारात मात्र दोन.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी व गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय विकसित केली. अशा दुधाळ गायींची ऊर्जेची गरज व्याल्यानंतरच्या काही आठवड्यांत केवळ चाऱ्यातून भागत नाही. शरीरातील चरबीचे विघटन होऊन मेदाम्ले रक्तात उतरतात. हृदयस्नायूत आढळणारा वाहक कासेतही असतो आणि तेथे तो त्यांना मेदनिर्मितीकडे नेतो, असे मानले जाते. यकृताकडे मात्र क्षमतेबाहेर मेदाम्ले आली की तेथे चरबी साठते व किटोसिस उद्भवू शकतो. त्यामुळे नुकत्याच व्यालेल्या गाईची एकाएकी वाढलेली फॅट ही सुदृढतेची खूण समजणे घाईचे होय. गाय खंगत असेल, वैरण टाकत असेल, तर मूत्रातील किटोनची तपासणी तत्काळ करून घ्यावी लागते.