गाडीचा जमाखर्च

आमच्या दारात १९९७ सालची मारुती ८०० उभी असते. कार्बोरेटरवाली, चार गिअरची. गेल्या उन्हाळ्यात बाबांनी ती मोडीत काढायचे ठरवले. कारण एकच, "लई पेट्रोल पिते." मी पडले कॉमर्सची विद्यार्थिनी! खर्च न मोजताच मालमत्ता निकालात काढणे मला पटेना. मी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली.

मोजण्याची रीत सोपी आहे. पंपाची नळी आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. दोनतीनशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर तशीच टाकी भरावी. मधल्या किलोमीटरना या दुसऱ्या वेळच्या लिटरनी भागावे. आमचे उत्तर आले १२. पूर्वी हीच गाडी गावात १५ देत असे, असे बाबाच सांगतात.

मग हे तीन किलोमीटर गेले कुठे? एका मेकॅनिकने दोनदा कार्बोरेटर साफ करून पैसे घेतले होते, गुण शून्य. मी गार इंजिनाचे तिन्ही प्लग काढून पाहिले. तिन्हींवर काळी काजळी! प्लगचे टोक फिकट तपकिरी असावे. काजळी धरली म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर धुळीने भरला होता, तो बदलला. पण खरा चोर निघाला चोक. सकाळी गार इंजिन सुरू व्हावे म्हणून चोक हवेची वाट अडवतो. इंजिन तापले की बटण आत ढकलायचे. आमचे बटण आत जात होते, पण गंजलेल्या केबलमुळे पलीकडची झडप अर्धवट मिटलेलीच राहत होती. केबलमध्ये थोडे तेल सोडल्यावर ती मोकळी झाली.

दुसरा चोर चाकात होता. वडगावला जाऊन आल्यावर मागचे डावे चाक चांगलेच तापलेले लागले. शेजारचे निवृत्त ड्रायव्हर काका म्हणाले, "ब्रेक हिडदैत्री!" म्हणजे ब्रेक धरून बसलाय. हँडब्रेकची केबल अडकली होती. हे काम मात्र मी जाणत्या माणसाकडूनच करून घेतले. ब्रेकशी प्रयोग नकोत.

टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी, टायर गार असताना, गाडीच्या पुस्तिकेत दिली आहे तेवढी भरावी. हवा कमी असली की टायर चपटा होऊन रस्त्याला जास्त घासतो.

उरला चालवणाऱ्याचा पाय. पुढे गर्दी दिसत असताना ॲक्सिलरेटर दाबून मग करकचून ब्रेक लावणे म्हणजे विकत घेतलेला वेग चाकांतून उष्णता म्हणून उधळणे. इंजिन थडथडू न देता लवकर वरचा गिअर टाकावा. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर इंजिन बंद करावे, कारण उभ्या गाडीचा ॲव्हरेज शून्य असतो.

बाबांशी माझा खरा वाद झाला तो चोर्ला घाटात. साखळीच्या बाजूला उतरताना ते गाडी न्यूट्रलमध्ये सोडत. इंजिन चालूच असते, त्यामुळे बचत असलीच तर वाटीभर पेट्रोलचीही नव्हे. उलट सगळा भार ब्रेकवर येतो. त्या दिवशी जळका वास आला आणि पेडल नेहमीपेक्षा खोल गेले. बाबांनी मुकाट्याने दुसरा गिअर टाकला. केरीपर्यंत कोणी बोलले नाही. त्यानंतर न्यूट्रलचा विषय आमच्या घरी निघालेला नाही.

दोन महिन्यांनी वहीत आकडा आला १५. महिन्याला ३०० किलोमीटर धरले तर २५ लिटरऐवजी २० लिटर. लिटरला शंभर रुपये धरा, वर्षाचे ६,००० रुपये वाचले. मोडीचा बेत तूर्त रद्द झाला. नोंदणी २०२७ मध्ये पुन्हा पाच वर्षांसाठी वाढवावी लागेल, तेव्हा काय ते पाहू.

आता एकच काम शिल्लक आहे. हल्ली पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल, म्हणजे त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचाही वाटा आला! इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडा घटणारच. शिवाय जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरतात. आमच्या नळीला बारीक भेगा दिसू लागल्या आहेत. परीक्षा संपली की पहिली तीच बदलायची आहे.